एका दिवसात तीन बेटे: तिकीट काढावे का?

खेडहून एका भगिनीने लिहिले आहे, की नाताळच्या सुट्टीत त्यांचे सात जणांचे कुटुंब अंदमानला निघाले आहे. विमानाची तिकिटे झाली, हॉटेल ठरले. सेल्युलर जेल पोहोचल्याच्या संध्याकाळी पाहायचे आहे. त्यानंतर पोर्ट ब्लेअरमध्ये मोकळा असा एकच दिवस हाती उरतो, आणि त्या दिवसासाठी एजंटने ‘रॉस, नॉर्थ बे, व्हायपर, तीन बेटे एकाच दिवशी’ अशी सहल सुचवली आहे. माणशी भाडे ऐकून घरधनी म्हणतात, एवढे पैसे बोटीला कशाला? मुलांना समुद्राखाली चालायचेच आहे. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्या सासूबाई एवढेच म्हणतात, की मला काळे पाणी दाखवा म्हणजे झाले. त्यांचे वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. ‘पुन्हा एवढी लांबची सफर अम्मीच्याने होईल असे वाटत नाही,’ असे भगिनी लिहितात.

भगिनी, आधी उत्तर सांगते, मग कारणे. सातही जणांचे तीन बेटांचे तिकीट काढू नका. रॉसला सगळे जा. नॉर्थ बेला फक्त पाण्यात उतरणारे जाऊ द्या. व्हायपरचे पैसे, तिथे खरोखर उतरवणार असतील तरच द्या.

नावांचा घोळ आधी मिटवू. पोर्ट ब्लेअरचे सरकारी नाव २०२४पासून श्री विजयपुरम आहे आणि रॉस बेटाचे २०१८पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. कागदावर नवे नाव आणि बोटवाल्याच्या तोंडी जुने, असे झाले तर एजंटने दुसरीकडेच नेले म्हणून घाबरू नका.

आता हिशेब. ज्यांनी मुरूडचा जंजिरा पाहिला आहे त्यांना हे फार समजवावे लागणार नाही. राजपुरीहून शिडाची होडी निघते, नावाडी किल्ल्याच्या दरवाजात उतरवतो आणि ठरावीक वेळात परत या म्हणतो. किल्ला मोठा, वेळ छोटा, आणि निम्मे लोक तटावर चढायच्या आधीच हाकाटी सुरू होते. अंदमानच्या बेटांच्या सहलीत हेच दोनदा किंवा तीनदा घडते. समजा, सकाळी नऊला धक्क्यावर बोलावले आणि दोनला परत आणले. म्हणजे पाच तास. त्यातला पाऊण तास तिकीट, जीवरक्षक जाकीट आणि बोट भरण्यात जातो. शहर ते पहिले बेट, तिथून दुसरे, दुसऱ्याहून शहर, आणि दर वेळी चढ-उतार. यात सव्वा तास धरा. उरले तीन तास. त्यात तीन ठिकाणे बसवली तर एकेकाला एक तास, आणि दुखऱ्या गुडघ्याने डुलत्या बोटीत पुन्हा पुन्हा पाय टाकायचा. पैसे तीन बेटांचे, पाहून झाले अर्धे बेट. हा हिशेब एजंट करून दाखवत नाही, कारण त्याच्या कागदावर ‘तीन’ हा आकडाच विकला जातो.

म्हणून कोणते ठिकाण कोणासाठी, हे आधी घरी बसून ठरवा.

रॉस हे अम्मींचे ठिकाण आहे. काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल येते, पण ते जेल १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधले गेले. काळे पाणी त्याच्या किती तरी आधी सुरू झाले होते. १८५७चा उठाव मोडल्यानंतर, मार्च १८५८मध्ये डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा अधिकारी सुमारे दोनशे कैदी घेऊन या बंदरात उतरला. त्या कैद्यांनी जंगल तोडले आणि बंदराच्या तोंडाशी असलेल्या या छोट्या रॉस बेटावर साहेबांची राजधानी उभी राहिली. मुख्य आयुक्ताचा बंगला, चर्च, बेकरी, छापखाना, टेनिसचे मैदान, नाचघर, सगळे. समोर किनाऱ्यावर बेड्या आणि इकडे नाचघर. जून १९४१च्या मोठ्या भूकंपाने इमारती हादरल्या, मार्च १९४२मध्ये जपानी सैन्य आले, आणि रॉसवरची साहेबी संपली ती संपलीच. आज तिथे भिंती आहेत आणि त्या भिंतींना वडाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी असे धरून ठेवले आहे, की झाड काढले तर भिंत पडेल. हरणे आणि मोर माणसांमधून निवांत फिरतात. नातवंडांना तेवढेही पुरे.

रॉसवर चालायला पक्की वाट आहे, चढ आहे पण बेताचा, आणि वृद्धांसाठी बॅटरीवरची गाडी मिळते. तिचे पैसे वेगळे. ते वाचवू नका. बेटाच्या प्रवेशाचे तिकीटही बोटीच्या भाड्यात नसते. दीड ते दोन तास मिळाले तर रॉस पाहिल्यासारखे होते. तासाभरात नुसते फोटो होतात.

नॉर्थ बेचे सगळे वेगळे. तो तर स्वतंत्र बेटही नाही. दक्षिण अंदमानच्या मोठ्या बेटाचाच तो एक किनारा आहे, डोंगराखालचा. बोटीने जावे लागते म्हणून सहलवाल्यांनी त्याला बेट करून टाकले आहे. जुनी वीस रुपयांची तांबूस नोट आठवते? तिच्या मागचे दीपगृह आणि नारळी हे इथलेच दृश्य. (२०१९मध्ये आलेल्या नव्या नोटेवर आपली वेरूळची लेणी आहेत. मुलांना दोन्ही नोटा शेजारी ठेवून दाखवा.)

नॉर्थ बेला जायचे ते पाण्यासाठी. काचेच्या तळाची बोट, नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत प्रवाळ पाहणे, डोक्यावर जड शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळावर चालणे. यातले काहीच बोटीच्या तिकिटात नसते. एजंट सहलीचा जो दर सांगतो, त्यावर प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे, आणि ते बहुधा बोटीच्या भाड्याहून जास्त. म्हणजे ज्याला पाण्यात उतरायचे नाही त्याने तिथे नारळपाणी प्यायचे आणि रांगेकडे पाहत बसायचे. अम्मींना त्यासाठी नेऊ नका. मुलांसाठी मात्र, वयाची अट आधी विचारून, पैसे बाजूला काढून ठेवा आणि एकच खेळ निवडा. समुद्राखाली चालायला पोहता येणे लागत नाही, पण कानाचा त्रास, दमा किंवा रक्तदाब असेल त्याने उतरू नये, मग तिकीट फुकट गेले तरी चालेल.

प्रवाळांबद्दल मनात मोठे चित्र ठेवून जाऊ नका. १९९८ आणि २०१० या वर्षी समुद्र तापल्याने अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, मध्ये २००४ची त्सुनामी झाली. मासे अजून भरपूर दिसतात, पण जाहिरातीतले रंग दर जागी मिळत नाहीत. प्रवाळ हेच मुख्य कारण असेल तर शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर वांडूरहून जॉली बॉय बेटाला जाणारी बोट बरी. ते राष्ट्रीय सागरी उद्यानात आहे, परवानगी आधी काढावी लागते, प्लास्टिकला बंदी आहे आणि तिथे खायला काही मिळत नाही. घरचा डबा स्टीलचा न्यावा लागतो. पण त्यात पूर्ण दिवस जातो आणि तुमच्याकडे दिवस एकच. आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मुलांनी खिशात टाकला तर काढून ठेवायला सांगा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्ह्यात मोडते.

राहिला व्हायपर. सेल्युलर जेलच्या आधीचे तुरुंग आणि फाशीघर इथे होते. ८ फेब्रुवारी १८७२ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त पाहून खाली उतरला आणि होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या पठाण कैद्याने त्याच्यावर सुरीने वार केले. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय कैद्याच्या हातून मारला गेला, असे त्याआधी कधी झाले नव्हते आणि पुढेही झाले नाही. शेर अलीला ११ मार्चला व्हायपरवर फाशी दिली. टेकडीवरचे लाल विटांचे फाशीघर हेच तिथे पाहायचे. गोष्ट मोठी, जागा छोटी, आणि पायऱ्या आहेत. म्हणून एजंटला विचारा: व्हायपरला उतरवणार की बोटीतून दाखवणार? उतरवणार असेल तर किती वेळ? हे तोंडी नको, संदेशावर लेखी घ्या. उत्तर गुळमुळीत आले तर ती सहल दोनच बेटांची आहे असे समजून भाव करा.

एक जागा मात्र कोणत्याच बेटांच्या सहलीत सहसा नसते, आणि अम्मींना ती कदाचित सगळ्यांत जवळची वाटेल. १८५७च्या खटल्यात जन्मठेप होऊन इथे आणलेले मौलाना फज़्ले हक खैराबादी १८६१मध्ये इथेच वारले. अरबीचे मोठे विद्वान, गालिबचे स्नेही. कैदेत असताना त्यांनी त्या उठावाची हकीकत अरबीत लिहून ठेवली. त्यांची कबर शहरातच, साउथ पॉइंटला आहे. बोट लागत नाही, रिक्षा पुरते. चॅथमहून बांबूफ्लॅटला फेरीबोट जाते; त्या बाजूला १९२१च्या मलबारच्या उठावानंतर पाठवलेल्या मोपल्यांच्या वंशजांच्या वस्त्या आहेत, आणि त्यांच्या काही गावांना केरळातल्या मूळ गावांचीच नावे आहेत. वेळ उरला तर तिकडेही जाता येईल. फेरीचे भाडे सहलीच्या मानाने काहीच नाही.

घड्याळाचे एक सांगायचे आहे, आणि ते एजंट हमखास विसरतो. अंदमान आपल्या किती तरी पूर्वेला, पण घड्याळ तेच. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तिथे पाचला. जुहरची वेळ सव्वा अकराच्या आसपासच लागते, आणि मगरिब पाच वाजून गेल्यावर लगेच. घरच्या सवयीने ‘दुपारी निघू, संध्याकाळी परतू’ म्हणाल तर नमाजही चुकेल आणि उजेडही. उलट सकाळी साडेपाचलाच फटफटते, म्हणून मिळेल ती पहिली बोट धरा. दुपारनंतरची बोट कमी पैशांत मिळाली तरी नको.

कपड्यांबद्दल बऱ्याच भगिनी विचारतात. पाण्यात उतरणार असाल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घरूनच न्या. सुती सलवार-कमीज भिजले की जड होते आणि पाय अडकतात. कपडे बदलायची सोय असली तरी रांग असते.

तुमचा दिवस मी असा लावेन. सगळ्यांनी सकाळी लवकर अबर्डीनच्या धक्क्यावर जायचे. रॉसचे एकट्याचे आणि रॉस-नॉर्थ बेचे एकत्र, अशी वेगवेगळी तिकिटे मिळतात. तीन जणांचे पहिले, चौघांचे दुसरे काढायचे. रॉसवर सगळे एकत्र राहतील अशा वेळेच्या बोटी खिडकीवरच मागून घ्या. रॉसनंतर मुले आणि त्यांचे अब्बा नॉर्थ बेला जातील. तुम्ही, अम्मी आणि धाकटे मूल शहरात परत या, जुहर आटोपून जेवा, थोडे आडवे व्हा आणि मग साउथ पॉइंटला जा. एजंटने आग्रह धरला तर सांगा की या दिवसाची सहल वजा करून दर द्या. आणि समुद्र खवळला, बंदरावरून बोटी थांबवल्या, तर पैसे परत मिळतील की पुढच्या दिवसाची बोट देतील, तेही आधीच विचारून ठेवा. तुमचा पुढचा दिवस परतीच्या विमानाचा आहे. पुढच्या दिवसाची बोट तुमच्या कामाची नाही.