व्याजमाफीचे उपकार

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९ सप्टेंबर २०२५ रोजी परिपत्रक काढून लहान करदात्यांवर मोठेच उपकार केले. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८७एची करसवलत ज्यांना ‘चुकीने’ मिळाली, त्यांनी ते पैसे ३१ डिसेंबर २०२५पर्यंत भरावेत, म्हणजे त्यावरचे व्याज माफ. सवलत दिली कोणी? प्राप्तिकर विभागाने. चुकीची ठरवली कोणी? त्याच विभागाने. भुर्दंड मात्र करदात्याला, आणि वर व्याज सोडल्याबद्दल त्यानेच आभार मानायचे!

मुळात ती सवलत चुकीची होती, हेच सिद्ध झालेले नाही. नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २५ हजारांपर्यंतचा कर माफ, असे २०२३च्या अर्थसंकल्पाने सांगितले. शेअरच्या दीर्घकालीन नफ्याला ही सवलत नाही, असे कलम ११२ए स्पष्ट म्हणते. अल्पकालीन नफ्याच्या कलम १११एमध्ये तसे एक अक्षर नाही. कायद्याने जी मनाई केली नाही, ती विभागाच्या संगणकाने केली. ५ जुलै २०२४ रोजी, रिटर्न भरण्याचा हंगाम ऐन भरात असताना, पोर्टलवरची प्रणाली बदलली आणि सवलत मागण्याची सोयच बंद झाली. पगाराचे करपात्र सहा लाख आणि शेअरमधले साठ हजार कमावणाऱ्याचा कर आदल्या दिवशी शून्य होता. नंतर तो ९,३६० रुपये झाला. कायदा तोच, वर्ष तेच, उत्पन्न तेच.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये विभागाचे कान उपटले. सवलत द्यायची की नाही, हे अधिकाऱ्यांनी ठरवावे. पण ती मागण्यापासूनच करदात्याला सॉफ्टवेअर रोखू शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदाबादच्या अपिलीय न्यायाधिकरणाने एका प्रकरणात करदात्याच्या बाजूने निकाल दिला. ज्या मुद्द्यावर दोन मते संभवतात, तो ‘उघड चूक’ म्हणून दुरुस्त करता येत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्येच सांगितले आहे. तरीही विभाग दुरुस्तीच्याच नावाखाली वसुलीला निघाला. विशेष दराच्या उत्पन्नाला, म्हणजे अशा शेअर-नफ्यालाही, ही सवलत नाही, अशी तरतूद सरकारने २०२५च्या वित्त कायद्यात पुढील वर्षांसाठी केली. मनाई आधीपासूनच होती, तर ती नव्याने लिहावी का लागली?

हा विभागाचा जुना खाक्या आहे. करदात्याने थकबाकीला उशीर केला तर दरमहा एक टक्का व्याज; विभागाने परतावा रखडवला तर अर्धा टक्का. करदात्याची चूक हा गुन्हा, विभागाची चूक मात्र ‘तांत्रिक अडचण’. १ एप्रिल २०२६ ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख. कलमे ८१९वरून ५३६वर आणल्याचा मोठा गाजावाजा झाला. कलमे कमी झाली म्हणून वृत्ती बदलत नाही. कायद्याचा अर्थ पोर्टलच लावणार असेल, तर पाचशे कलमे काय आणि पाच काय!

सरकारला खरेच उपकार करायचे असतील, तर २०२३-२४च्या या सर्व मागण्या मागे घ्याव्यात. तोवर करदात्यांनी एक ध्यानात ठेवावे: व्याज वाचवण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, तरी दुरुस्तीच्या आदेशाविरुद्ध अपील करण्याची मुदत तीसच दिवसांची आहे. नोटीस आली म्हणून घाबरून हा हक्क सोडू नये.