कॉलेज बास्केटबॉलचा पैसा आणि मालकीचा प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना ओहायो स्टेट आणि नोटर डेम यांच्यात झाला. सरासरी सुमारे २ कोटी २१ लाख लोकांनी तो पाहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्लोरिडा आणि ह्यूस्टन यांच्यातला पुरुष बास्केटबॉलचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८१ लाख लोकांनी पाहिला. फुटबॉल पुढे आहे, पण फार पुढे नाही. आता पैशाकडे वळू. फुटबॉलच्या प्लेऑफसाठी ईएसपीएनने २०२४ मध्ये केलेला करार सहा वर्षांचा आणि ७.८ अब्ज डॉलरचा आहे. म्हणजे वर्षाला १.३ अब्ज, आणि बारा संघांच्या रचनेत सामने होतात अवघे ११. बास्केटबॉलच्या मार्चमधल्या स्पर्धेसाठी सीबीएस आणि टर्नर यांनी २०१६ मध्ये वाढवून घेतलेला करार आठ वर्षांचा आणि ८.८ अब्जांचा आहे. म्हणजे वर्षाला १.१ अब्ज, आणि सामने ६७. सामन्यामागे हिशेब केला तर फुटबॉलला बास्केटबॉलच्या सातपट भाव मिळतो.

ही तुलना थोडी ढोबळ आहे, हे मान्य करायला हवे. दोन करारांमध्ये आठ वर्षांचे अंतर आहे. शिवाय मार्चच्या पहिल्या फेऱ्यांतले सामने एकाच वेळी चार वाहिन्यांवर चालतात आणि प्रेक्षक विभागला जातो. तरीही एवढी तफावत निव्वळ लोकप्रियतेने समजावता येत नाही. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकेतला, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ.) या तफावतीचे खरे कारण कोणता खेळ किती लोक पाहतात याच्यापेक्षा, त्या खेळाचे प्रक्षेपण विकण्याचा हक्क कोणाच्या हातात आहे यात सापडते, असे आमचे मत आहे.

तो हक्क आज जिथे आहे तिथे १९८४ साली गेला. त्याआधी जवळपास तीन दशके कॉलेज फुटबॉलचे टीव्हीवरचे सामने कोणते, किती आणि कोणत्या भावाने दाखवायचे हे एनसीएए, म्हणजे कॉलेजांची राष्ट्रीय क्रीडा संघटना, ठरवत असे. घरी बसून सामना दिसला तर स्टेडियममध्ये कोण येईल, ही १९५० च्या दशकातली भीती त्यामागे होती. बंधने कडक होती. एका संघाला दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसण्याची मुभा नव्हती. १९८१ मध्ये ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया हा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला आणि त्याच शनिवार-रविवारी सिटाडेल विरुद्ध ॲपलाचियन स्टेट हा सामना चार केंद्रांवरून. चारही संघांना सारखेच पैसे मिळाले. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठे कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. निकाल न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. विरोधी मत लिहिणारे बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. शिक्षणसंस्थांच्या खेळाला निव्वळ बाजारातल्या मालाच्या मापाने मोजू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

निकाल कायद्याला धरून होता, याबद्दल आम्हाला शंका नाही. त्याचा परिणाम मात्र एकाच खेळावर झाला. फुटबॉलच्या टीव्हीचे हक्क आधी विद्यापीठांकडे आणि त्यांच्यामार्फत कॉन्फरन्सकडे, म्हणजे दहा-पंधरा विद्यापीठांच्या गटांकडे गेले. नोटर डेमने तर १९९१ पासून एनबीसीशी स्वतःचा स्वतंत्र करार केला. बास्केटबॉलची मार्चमधली स्पर्धा एनसीएएकडेच राहिली. तेव्हापासून एकाच विद्यापीठाच्या एकाच क्रीडा विभागात दोन वेगळ्या अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदत आहेत. राष्ट्रीय फुटबॉल विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या पैशातला एक डॉलरही एनसीएएला मिळत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, पण वस्तुस्थिती अशीच आहे.

फुटबॉलच्या भावाला खेळाच्या रचनेचाही मोठा आधार आहे. नियमित हंगामात एका संघाचे सामने बारा, बहुतेक शनिवारी. प्रत्येक सामना तीन-साडेतीन तास चालतो आणि त्यात जाहिरातींना भरपूर जागा असते. मिशिगनच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक माणसे बसतात. शिवाय १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने कॉलेजांचा शनिवार व्यावसायिक फुटबॉलच्या स्पर्धेपासून हंगामाच्या बहुतांश काळात वाचवून ठेवला आहे. सामने कमी असले की प्रत्येक सामन्याला किंमत येते. बास्केटबॉलचे तसे नाही. हंगाम नोव्हेंबरमध्ये फुटबॉलच्या सावलीत सुरू होतो. पहिल्या विभागातले साडेतीनशेहून अधिक संघ प्रत्येकी तीस-एकतीस सामने खेळतात आणि त्यांतले कित्येक मंगळवार-बुधवारच्या रात्री. एखादा सामना चुकला तरी काही बिघडत नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तो मार्चची वाट पाहतो. म्हणून बास्केटबॉलची खरी किंमत तीन आठवड्यांत एकवटली आहे आणि ते तीन आठवडे कॉन्फरन्सच्या मालकीचे नाहीत. कॉन्फरन्सने विकायचे ते जानेवारी-फेब्रुवारीचे सामने, म्हणजे या खेळाचा सर्वांत स्वस्त भाग.

रेटिंगविषयी थोडे सांगायला हवे. आपण टीआरपी म्हणतो तसे तिकडे नील्सनचे आकडे चालतात, आणि ते वाचताना सावध राहावे लागते. १९७९ मध्ये मॅजिक जॉन्सनचा मिशिगन स्टेट आणि लॅरी बर्डचा इंडियाना स्टेट यांच्यातल्या अंतिम सामन्याला २४.१ रेटिंग मिळाले होते, म्हणजे टीव्ही असलेल्या दर शंभर घरांपैकी चोवीस घरांत तो सामना लागला होता. बास्केटबॉलच्या कोणत्याही सामन्याने हा आकडा आजवर ओलांडलेला नाही. पण तेव्हा वाहिन्या मोजक्या होत्या. आज घराबाहेर, हॉटेलात, बारमध्ये सामना पाहणारेही मोजणीत धरले जातात आणि मोजण्याची पद्धतही अधूनमधून बदलते. त्यामुळे यंदाचा आकडा चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवून खेळ वाढला की बुडाला असा निवाडा देणे चुकीचे ठरते.

मार्चमधून येणाऱ्या पैशाचे पुढे काय होते, हा या विषयातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. एनसीएएचे बहुतांश उत्पन्न या एका स्पर्धेतून येते. त्यावर जलतरण, कुस्ती, तलवारबाजी, धावणे अशा नव्वदच्या आसपास राष्ट्रीय स्पर्धा चालतात. लहान कॉलेजांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागांचा वाटा संघटनेच्या घटनेतच बांधलेला आहे: ४.३७ आणि ३.१८ टक्के. उरलेल्यातला मोठा हिस्सा ‘युनिट’ पद्धतीने वाटला जातो. संघ स्पर्धेत जितके सामने खेळेल, अंतिम सामना वगळून, तितकी युनिटे त्याच्या कॉन्फरन्सला मिळतात. प्रत्येक युनिटचे पैसे सहा वर्षे हप्त्याहप्त्याने येतात आणि एकूण रक्कम २० लाख डॉलरच्या आसपास जाते. २०२२ मध्ये जर्सी सिटीतल्या सेंट पीटर्स या छोट्या कॅथलिक विद्यापीठाने बलाढ्य केंटकीला हरवून अंतिम आठांत धडक मारली. पंधरावे मानांकन असलेला संघ तिथवर पहिल्यांदाच पोहोचला होता. या विद्यापीठाला फुटबॉलचा संघही नाही. त्या चार सामन्यांनी त्याच्या कॉन्फरन्सला सहा वर्षांत मिळून सुमारे ८० लाख डॉलर मिळवून दिले. फुटबॉलच्या व्यवस्थेत अशा विद्यापीठाला दारातही उभे केले जात नाही. २०२६ पासूनच्या प्लेऑफच्या वाटपात बिग टेन आणि एसईसी या दोनच कॉन्फरन्स मिळून निम्म्याहून अधिक रक्कम घेणार आहेत.

या सामाईक पैशाचा धोका २०२० मध्ये दिसला. १२ मार्चला कोविडमुळे स्पर्धा रद्द झाली आणि त्या वर्षी विद्यापीठांना वाटायची रक्कम ६० कोटी डॉलरवरून साडेबावीस कोटींवर आली. एका स्पर्धेवर एवढा डोलारा उभा असणे बरे नव्हे, हे तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले आणि ते खरेही आहे. पण त्यावर उपाय म्हणून सामाईक मालकी मोडावी, हे आम्हाला पटत नाही.

हक्क ज्याच्याकडे, निर्णय त्याच्याकडे, हे गेल्या पंधरा वर्षांत वारंवार दिसले आहे. २०१० मध्ये बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स फुटण्याच्या बेतात आली तेव्हा कॅन्ससवर, बास्केटबॉलच्या इतिहासातल्या थोर विद्यापीठांपैकी एकावर, निराधार होण्याची वेळ आली होती, कारण त्याचा फुटबॉल दुबळा होता. २०२२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए यांनी पॅक-ट्वेल्व्ह सोडून बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. त्याच उन्हाळ्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. यूसीएलए म्हणजे जॉन वुडन यांनी प्रशिक्षक म्हणून दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिलेले विद्यापीठ. आता लॉस एंजेलिसमधून निघून न्यू जर्सीतल्या रटगर्सपर्यंत त्याला साखळी सामने खेळायला जावे लागते. फुटबॉलच्या संघाला असा प्रवास हंगामात चार-पाच वेळा करावा लागतो, तोही शनिवारच्या बेताने. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना तो आठवड्याच्या मधल्या दिवसांत करावा लागतो आणि त्यांचे तास बुडतात. त्याच पॅक-ट्वेल्व्हमधले स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेले. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट मागे उरले. या निर्णयांत बास्केटबॉलच्या प्रेक्षकसंख्येचा विचार नगण्य होता.

याला एक उलट उदाहरण आहे आणि ते आशादायक आहे. २०१३ मध्ये जॉर्जटाउन, व्हिलानोव्हा, सेंट जॉन्स यांच्यासह सात कॅथलिक विद्यापीठांनी फुटबॉलवाल्यांपासून वेगळे होऊन बिग ईस्ट हे नाव स्वतःकडे ठेवले. बटलर, झेव्हियर आणि क्रेटन यांना सोबत घेऊन त्यांनी फॉक्सशी बारा वर्षांचा करार केला. रक्कम सुमारे ५० कोटी डॉलर, म्हणजे मोठ्या कॉन्फरन्सच्या तुलनेत किरकोळ. पण ती केवळ बास्केटबॉलसाठी होती आणि निर्णयही बास्केटबॉलचेच होते. व्हिलानोव्हाने २०१६ आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०२० मध्ये परतलेल्या कनेटिकटने २०२३ आणि २०२४ मध्ये ते जिंकले. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी मंजूर केलेल्या, खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर या विद्यापीठांची बाजू आणखी भक्कम झाली आहे. आता विद्यापीठ थेट खेळाडूंना पैसे देऊ शकते; २०२५-२६ या वर्षासाठी त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. मोठ्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठांसाठी आधीच्या खेळाडूंना द्यायच्या भरपाईचे सूत्र ठरले ते असे: ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुष बास्केटबॉल, ५ टक्के महिला बास्केटबॉल आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळे. अनेक विद्यापीठे पुढचे वाटपही साधारण याच प्रमाणात करत आहेत. ज्याला मोठा फुटबॉल संघ पोसायचा नाही तो आपला बहुतांश पैसा बास्केटबॉलकडे वळवू शकतो.

महिला बास्केटबॉलच्या बाबतीत मालकीइतकाच विक्रीच्या पद्धतीने घात केला. त्यांची स्पर्धा वर्षानुवर्षे इतर दोन डझनांहून अधिक स्पर्धांच्या गाठोड्यात बांधून ईएसपीएनला विकली जात होती आणि त्या सगळ्या गाठोड्याचे वर्षाला सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर मिळत. २०२१ मध्ये सॅन अँटोनिओत महिला खेळाडूंना दिलेली तुटपुंजी व्यायामाची साधने जगाने पाहिली, चौकशी झाली आणि स्वतंत्र विकल्यास ही एकटी स्पर्धा २०२५ मध्ये वर्षाला ८ ते ११ कोटी डॉलर मिळवू शकेल असा अंदाज त्या चौकशीच्या अहवालाने दिला. २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना आणि केटलिन क्लार्कची आयोवा यांच्यातला अंतिम सामना सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला, तर पुरुषांचा अंतिम सामना १ कोटी ४८ लाखांनी. महिलांचा सामना एबीसीवर सर्वांना खुला होता आणि पुरुषांचा केबलवर, हे लक्षात घेतले तरी आकडा लहान होत नाही. क्लार्क गेल्यावर २०२५ मध्ये तो ८५ लाखांवर उतरला. तरीही काही वर्षांपूर्वीच्या मानाने तो कितीतरी मोठा आहे. जानेवारी २०२४ च्या नव्या करारात मात्र ही स्पर्धा पुन्हा चाळीस स्पर्धांच्या गाठोड्यातच गेली. आठ वर्षांचे ९२ कोटी डॉलर आणि त्यात महिला बास्केटबॉलची किंमत वर्षाला साडेसहा कोटी धरलेली. हा निर्णय एनसीएएने घाईने केला, असे आम्हाला वाटते. प्रेक्षक समोर उभे होते. बाजारात स्वतंत्र बोली लावायला हवी होती.

पुरुषांच्या मार्च स्पर्धेचा करार, महिलांची स्पर्धा असलेला ईएसपीएनचा करार आणि फुटबॉल प्लेऑफचा करार हे तिन्ही २०३२ च्या सुमारास संपतात. मोठ्या कॉन्फरन्सनी वेगळे होण्याची भाषा आधीच सुरू केली आहे. त्या बास्केटबॉलची स्पर्धा स्वतःच्या ताब्यात मागतील हे उघड आहे, आणि जास्त रेटिंग आमच्याच संघांमुळे येते असा युक्तिवाद करतील. त्यात तथ्य आहे, पण मार्चला लोक जे पाहायला येतात त्यात केंटकीइतकाच सेंट पीटर्सचाही वाटा आहे. एनसीएएने त्या वाटाघाटींत दोन गोष्टी सोडू नयेत: पुरुषांची स्पर्धा सर्व साडेतीनशे संघांना खुली आणि सामाईक मालकीची राहावी आणि महिलांच्या स्पर्धेची विक्री या वेळी वेगळी व्हावी. त्यासाठीची तयारी २०३१ मध्ये नव्हे, आत्तापासून करावी लागेल.