सुधाकर-सिंधूच्या संसारातले मौन

राम गणेश गडकरींचे ‘एकच प्याला’ दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून ओळखले जाते. पण संसार पोखरतात ती लाज आणि झाकपाक. वकील सुधाकरची सनद काही महिन्यांसाठी रद्द होते. हा अपमान तो बायकोजवळ बोलून हलका करीत नाही, दारुड्या तळीरामाने पुढे केलेल्या प्याल्यात बुडवतो. मग प्यायल्याची शरम, आणि ती विसरायला पुन्हा प्याला. सिंधू माहेरचा पैसा न घेण्याची शपथ पाळते, दळण दळते, नवऱ्याबद्दल वावगा शब्द काढत नाही. गडकऱ्यांना हे पातिव्रत्य वंदनीय वाटले. आजच्या वाचकाला मात्र त्या मौनाची किंमत दिसते. अखेरच्या अंकात सुधाकरच्या हातून मूल मरते, सिंधू मरणपंथाला लागते आणि तरीही फौजदारापुढे त्याला वाचवायला खोटे बोलते. तो वाचत नाही. दारूतून विष घेतो.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला वारले. या नाटकाचा पहिला प्रयोग त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात केला. गडकरी जिथे वारले त्याच विदर्भाच्या पूर्वेला, झाडीपट्टीत, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम रंगतो. तुमसर-भंडाऱ्याकडच्या मंडळींनी हे नाटक यंदा जरूर करायला घ्यावे.