शोकाला दाखला मागू नये

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट सप्टेंबर २०२५मध्ये चित्रपटगृहांत लागला, तेव्हा मोशीतील काही सज्जन गृहस्थांनी वेदीवरून त्याचा निषेध व्हावा असा आग्रह माझ्याकडे धरला. त्यांपैकी एकानेही तो पाहिलेला नव्हता. मी निषेध केला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला मोठे पारितोषिक मिळाले, हे कारण नव्हे. पारितोषिकाने नीती ठरत नाही. वडील वारले म्हणून आनंद गावी येतो, दहा दिवसांचा दुखवटा पाळतो. नातलग मात्र ‘लग्न केव्हा’ म्हणून टोचत राहतात. ज्या बालमित्रापाशी त्याचे दुःख मोकळे होते, त्याच्याशी असलेले नाते चारचौघांत उच्चारता येत नाही. रडण्यापूर्वी नात्याचा दाखला मागणारा हा समाज आपल्या ओळखीचा नाही काय?

स्त्रियांच्या वाट्याला तर एवढेही आले नाही. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधील नायिकेचा शेवट मरणात झाला, १९८२च्या ‘उंबरठा’त दोन स्त्रियांचा प्रश्न आला तो आश्रमाच्या भिंतींआड. पण दोघींनी संसार केला, एकीच्या मुलाला दुसरीने वाढवले आणि आई गेली, तर मागे उरलेली त्या मुलाची कोण? तिला विधवा म्हणता येत नाही, सावत्र आईही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. म्हणजे शववाहिनीबरोबर जाण्यापासून मुलाच्या ताब्यापर्यंत सारे काही माहेरच्यांच्या मर्जीवर.

विवाह हा स्त्रीपुरुषांचा संस्कार होय, ही ख्रिस्तसभेची शिकवण मी पातळ करीत नाही. परंतु अशा व्यक्तींना आदराने व करुणेने स्वीकारावे, अन्यायाचा भेदभाव करू नये, हेही १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथातच आहे. आपण एक परिच्छेद पाठ करतो आणि त्याच्या लगतचा गाळतो. शोकाला जागा दिली की नात्याला मान्यता दिली, असे कुणी म्हणेल. मग रूथ ही नामीच्या रक्ताची कोण होती? क्रुसाखाली प्रभूने आपली माता शिष्याच्या हाती सोपविली, तेव्हा त्या दोघांना जोडणारे होते ते समोरचे मरण. (यावर मला पत्रे येतील. चित्रपट पाहून लिहावीत, एवढीच विनंती.)

पूर्वी मी होतो त्या धर्मग्रामात २ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून घेत असत. चिठ्ठीत एक रकाना होता : ‘मृताशी नाते’. एका बाईंनी एका स्त्रीचे नाव लिहून तो कोरा ठेवला, म्हणून चिठ्ठी त्यांना परत करण्यात आली. त्या पुन्हा आल्या नाहीत. मला हे कळले होते, आणि मी त्यांच्या घरी गेलो नाही. यंदा मोशीतल्या चिठ्ठ्या छपाईला देताना तो रकाना मी काढून टाकला आहे.