खिडकीखालचं इंजिन

यंदाची मुद्रितं तपासताना आमच्या कानात एकच आवाज होता, आणि तो छापखान्याचा नव्हता. कार्यालयामागच्या सोसायटीने खराट्याला निवृत्त करून पाला उडवायचं पेट्रोलचं यंत्र आणलं आहे. ते पाठीवर घ्यायचं, नळकांडं हातात धरायचं आणि बदामाची पानं जिन्यापासून फाटकापर्यंत हाकलत न्यायची. वारा सुटला की पानं परत येतात. पावसाळ्यात हीच सेवा गवत कापायचा कटर बजावतो, म्हणजे बारमाही सोय झाली. संपादकाच्या चिडण्याची आमच्या वाचकांना सवय आहे, तेव्हा प्रस्तावना आवरतो.

वर्षाने बोलण्यासारखं बरंच दिलं. जयंत नारळीकर गेले. शिवरायांचे किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. हिंदीच्या सक्तीचे शासननिर्णय निघाले आणि मागे घ्यावे लागले. २६ मे रोजीच पाऊस मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. त्याच दिवशी भुयारी मेट्रोच्या नव्याकोऱ्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. खुद्द अत्र्यांनी यावर अग्रलेखांची मालिका चालवली असती. सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. त्यावर आत सविस्तर लेख आहे. इथे दोन ओळींत उरकण्याचा तो विषय नव्हे.

तर यंत्र. त्यातलं टू-स्ट्रोक इंजिन आमच्या पिढीला परकं नाही. आरएक्स हंड्रेडचा फटफटाट, पंपावर पेट्रोलबरोबर मागून घेतलेलं टू-टी ऑइल, मागे निळसर धूर. त्या वासावर आमचा जीव होता, हे नाकारत नाही. पण या इंजिनात ताजं मिश्रण आत यायची वाट आणि जळका वायू बाहेर जायची वाट काही क्षण एकदमच उघड्या असतात. त्यामुळे साधारण तीस टक्के इंधन न जळताच, तेलासकट, बाहेर पडतं. नियम कडक होत गेले तसं हे इंजिन मोटारसायकलींतून गेलं, रिक्षांतून गेलं. बागेत शिरताना मात्र त्याला कुणी हटकलं नाही. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा : पाला उडवायचं व्यावसायिक यंत्र तासभर चालवलं, तर धुरकं वाढवणारे जेवढे वायू निघतात, तेवढे टोयोटा कॅम्री लॉस एंजेलिसहून डेन्व्हरला, म्हणजे अकराशे मैल नेल्यावर निघतील. हा हिशेब धुरक्याचा आहे, कार्बन डायऑक्साइडचा नव्हे. दोन्हींची गल्लत करून भाषण ठोकणारे पुष्कळ आहेत.

वॉशिंग्टन शहराच्या परिषदेने २०१८ साली कायदा केला : १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलवर पाला उडवायचं यंत्र शहरात विकायचं नाही आणि वापरायचंही नाही. दंड पाचशे डॉलरपर्यंत. बदलायला तीन वर्षं दिली. यामागे काही रहिवाशांचा चिवटपणा होता. त्यांत जेम्स फॅलोज हे पत्रकार होते, एकेकाळी जिमी कार्टर यांची भाषणं लिहिणारे. त्यांची पहिली तक्रार तापमानवाढीची नव्हतीच, आवाजाची होती. या यंत्राचा खर्जातला आवाज भिंती आणि काचा ओलांडून आत येतो, खिडकी लावून उपयोग होत नाही. शेजारच्या मेरीलँडमधल्या माँटगोमरी काउंटीने नंतर तीच वाट धरली. तिथल्या आमच्या वर्गणीदारांना हा अंक यंदा जरा शांतपणे वाचता येईल.

आता आपल्या घरी या. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, म्हणजे वॉशिंग्टनची बंदी लागू झाल्यावर दोनेक महिन्यांनी. काम गंभीर आहे, टिंगल करण्याजोगं नाही. २०१९ साली शहराने २ कोटी ३४ लाख टन हरितगृह वायू सोडले, त्यातले बहात्तर टक्के ऊर्जेच्या वापरातून, हे त्यात मांडलं आहे. कचरा, हिरवाई, पूर, इमारती, हवा, वाहतूक अशी सहा दालनं आहेत. २०५० पर्यंत नक्त उत्सर्जन शून्यावर आणायचं आहे. पुढे २०२४ मध्ये महापालिकेने हवामानाचा वेगळा अर्थसंकल्पही काढला. आमची कुरकुर एवढीच, की २०५० साली जाब विचारायला आज सही करणारा एकही अधिकारी खुर्चीवर नसेल. अमुक यंत्र, तमुक तारीख, असं म्हटलं की मात्र कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

यंत्र छोटं आहे, त्याने टनांच्या हिशेबात काय फरक पडणार, असं कुणी विचारेल. फारसा पडणार नाही. शिवाय मुंबईची वीज अजून बरीचशी कोळशावरची आहे. बॅटरी भरली तर थोडा धूर डहाणूच्या वीजकेंद्रातून निघेल. पण आवाज डहाणूला जात नाही, तो मिटतो. आणि ज्या महापालिकेला आपल्याच बागेतलं इंजिन बदलता येत नाही, तिने गगनचुंबी इमारतींच्या एसीबद्दल बोलू नये.

यात एक अडचण आहे, ती लॉस एंजेलिसने दाखवली. तिथे घरांपासून पाचशे फुटांच्या आत ही यंत्रं चालवायला बंदी आली, तेव्हा जानेवारी १९९८ मध्ये माळ्यांनी नगरभवनापाशी उपोषण केलं. बहुतेक लॅटिन अमेरिकेतून आलेले, दिवसाला किती अंगणं उरकली यावर पोट चालणारे. शांतता बंगलेवाल्यांना आणि भुर्दंड त्यांना! कायदा राहिला, पण यंत्रंही घुमतच राहिली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये नव्या इंजिनांची विक्री थांबवायचं ठरवलं, तेव्हा छोट्या व्यावसायिकांना बॅटरीची यंत्रं घेता यावीत म्हणून तीन कोटी डॉलर बाजूला काढले. ते पुरेसे होते का, यावर तिथे वाद आहेत. निदान प्रश्न कुणाच्या तरी लक्षात होता.

आमच्या मागे यंत्र चालवणारा मुलगा कंत्राटदाराकडचा आहे. तोंडाला फडकं, कानाला काही नाही. यंत्राचा आवाज त्याच्या कानाशी नव्वद डेसिबलच्या पुढे असतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, ती आपण २००० सालापासून दरवर्षी, मुख्यतः फटाक्यांच्या निमित्ताने, आठवतो. कोकणातल्या बागायतदारांनी मात्र गैरसमज करून घेऊ नये. काजूच्या उतारावर माणसं मिळत नाहीत, तिथे ग्रासकटरशिवाय गत नाही आणि बॅटरी दुपारपर्यंतही पुरायची नाही. आमचं भांडण पेव्हर ब्लॉकवरची चार पानं उडवणाऱ्यांशी आहे. पुण्यात ‘ब्राउन लीफ’वाले हाच पाला मागून नेतात आणि खत करतात, इथे तो उडवायला पेट्रोल जाळतात.

अंकाचा विषय ‘आवाज’ आहे, हे एव्हाना ध्यानात आलं असेल. त्या नावाच्या जुन्याजाणत्या विनोदी अंकाची क्षमा मागतो. खिडकीचित्रांची अपेक्षा कुणी ठेवू नये. विषय आधी ठरला की चीड आधी आली, हे विचारू नका.

मुंबईच्या उद्यानांची देखभाल कंत्राटांवर चालते. पुढच्या निविदेत एक अट घालता येईल : अमुक तारखेपासून बॅटरीची यंत्रं किंवा खराटा, आणि बॅटरीचा खर्च दरात धरलेला, मजुराच्या पगारातून नव्हे. त्याला मंत्रालयात जावं लागत नाही, २०५० ची वाटही पाहावी लागत नाही. त्याआधी आयुक्तांनी एवढं सांगावं, की उद्यान खात्याकडे आणि त्याच्या कंत्राटदारांकडे मिळून पेट्रोलवरची अशी यंत्रं आज किती आहेत. उत्तर आलं तर आम्ही ते छापू.