पूर्वसूचना आणि आपण

रोगाचे निदान झाले, परंतु अहवाल कपाटातच राहिला, तर रुग्णाला त्याचा उपयोग काय? पूर आणि दरडींच्या पूर्वसूचनेविषयी विचार करताना मला हाच प्रश्न पडतो.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले. १५१ माणसे दगावली. गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते एस.टी.च्या चालकाच्या. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. यंत्रे आणि याद्या हव्यातच; पण केवळ त्यांच्यावर विसंबून चालणार नाही.

आपला मुडबीचा परिसर पठारी असल्याने दरडींची धास्ती येथे नाही. पाण्याची मात्र आहे. या भागातील मुल्लामारी व बेन्नेतोरा या नद्या कागिण्याला मिळतात आणि कागिणा भीमेला. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळ तेलंगण ओलांडून कलबुर्गी-सोलापूरकडे सरकले आणि भीमाकाठ जलमय झाला. उजनीतून सोडलेले पाणी अफझलपूर तालुक्यात पोहोचण्यास वेळ लागतो. तेवढी तरी उसंत मिळते. ओढ्यानाल्यांचा पूर तीही देत नाही.

कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आहेत, भ्रमणध्वनीवर इशारेही येतात. तरीही ओढ्याकाठच्या झोपडीतील म्हातारीला तो संदेश कोण वाचून दाखविणार? आपल्या सीमाभागात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी चालते. म्हणून इशारा तिन्ही भाषांत, देवळाच्या व मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून आणि दवंडीनेही दिला गेला पाहिजे.

येथेच डॉक्टरांचे काम सुरू होते, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्या घरी दिवस भरलेली गर्भवती आहे, कोण इन्सुलिनवर आहे, कोणाला डायलिसिससाठी शहर गाठावे लागते, हे तहसील कचेरीपेक्षा आपणांस अधिक ठाऊक असते. दरवर्षी मृगापूर्वी प्रत्येक डॉक्टरने आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने अशी यादी करावी. इशारा येताच या रुग्णांना प्रथम हलवावे. सर्पदंशावरील लस, क्षारसंजीवनी आणि क्लोरीन यांचा साठा रस्ता तुटण्याआधीच भरून ठेवावा.

पाणी ओसरले म्हणजे संकट सरले, असेही नव्हे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यापाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. पुराच्या पाण्यात वावरलेल्याला ताप आला, तर या रोगाची शंका घेऊन वेळीच उपचार सुरू करणे आपल्या हाती आहे.

ढगांचे गणित वेधशाळा मांडील. त्या गणिताचे उत्तर शेवटच्या घरापर्यंत नेणे हे मात्र गावाचे आणि गावाच्या डॉक्टराचे कर्तव्य आहे. आपल्या संघटनेने येत्या पावसाळ्यापूर्वी ही जबाबदारी स्वीकारावी, अशी माझी सर्व सदस्यांना कळकळीची विनंती आहे.