कॉलेज निवडायचं की एस.टी.ची वेळ?

बारावीचा निकाल लागला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा विषय मागे पडतो. "ताई, पोरीले कुठं टाकू?" हा एकच प्रश्न. खरं म्हणजे बऱ्याच घरांत त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. मुलासाठी कॉलेज शोधतात. मुलीसाठी मात्र संध्याकाळची शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, ते बघतात.

माझंही असंच झालं. १९९७ साली मी बारावी झाले. घरून पायी जाता येईल ते कॉलेज आणि तिथे जे शिकवतात ते शिक्षण! बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा, १ मे १९९९ ला, भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्हा बदलला, पण माझा विषय काही बदलला नाही. बी.ए. वाईट नाही हो, त्याच शिकण्यावर आज चार बायांचे अर्ज लिहून देते. पण ते मी निवडलं नव्हतं, रस्त्यानं निवडलं होतं.

आपल्याकडे कॉलेजं नाहीत असंही नाही. मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था सुरू केली. गोंदियात धोटे बंधू, एन.एम.डी., आमगावला भवभूती, तिरोड्याला सी. जे. पटेल ही महाविद्यालयं आहेत. २०१६ पासून तर शासकीय मेडिकल कॉलेजही गोंदियात आहे. पण आमगाव, सालेकसा, तिरोड्याच्या मुलीला रेल्वे आहे, देवरीच्या मुलीला नाही. बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट, पुढे तोही नाही. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या दोन हुशार मुलींपुढची कॉलेजांची यादी सारखी नसते.

मग जुलै २०२४ मध्ये सरकारचा निर्णय आला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, मराठा आणि खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मी माफ होती. पेपरात बातमी आली, गावात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. पण ही माफी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. आपल्या घरांत नेमकी इथेच फसगत होते.

देवरीकडच्या आमच्या गटातल्या एका बाईची मुलगी. फार्मसीला जायचं तिच्या मनात. सीईटीचे गुण बरे होते आणि कॅपमध्ये नागपूरचं कॉलेज लागत होतं. वडील म्हणाले, "नागपूरले खोलीचे पैसे कोन देईल? अन् एकटी पोरगी?" तेवढ्यात ओळखीचा एक माणूस घरी आला. म्हणाला, जवळच्या कॉलेजात सीट पक्की आहे, कॉलेजची गाडी दारात येते, राउंडची वाट कशाला बघता? वडिलांनी धानाचे पैसे भरले. पुढे फी माफीचा अर्ज करायला गेले, तेव्हा कळलं की प्रवेश कोट्यातला आहे. एक वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षाची फी आली तेव्हा लहान भावाच्या शिकवणीचाही प्रश्न उभा राहिला. मुलगी आता घरी आहे. तिच्यासाठी स्थळं बघताहेत.

मी त्या वडिलांना दोष देणार नाही. फी आणि खोली यांचा हिशेब त्यांनी केला, पण खोलीसाठीही मदत मिळू शकते हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम् अशा योजना आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. गुणांची, अंतराची अट असते आणि पैसे उशिरा येतात, हेही खरं. पहिले काही महिने घरूनच काढावे लागतात. फी माफ करून सरकारनं मोठा दरवाजा उघडला, पण उंबरठा खोलीभाड्याचा आहे आणि आपल्या मुली तिथेच अडखळतात, असं मला वाटतं.

म्हणून आता मी आयांना कॉलेजच्या नावाआधी वेगळंच विचारते. प्रवेश कॅपमधून आहे का? मुलींचं वसतिगृह आहे का, आणि तिथे आत्ता राहणाऱ्या एखाद्या मुलीशी तुम्ही बोललात का? (माहितीपुस्तकातला फोटो बघू नका, सगळ्यांचेच फोटो छान असतात.) पसंतीक्रम कोण भरतंय? नेट कॅफेवाल्या पोरावर सोडू नका. पहिल्या नंबरावर लिहिलेलं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं. आणि रायपूर, बंगळूरच्या नर्सिंग कॉलेजांचे एजंट दारात आले, तर आधी त्या कॉलेजची मान्यता तपासा. महाराष्ट्राची ही फी माफी राज्याबाहेर चालत नाही.

परवा तीच देवरीकडची बाई पुन्हा आली. धाकटी आता अकरावी सायन्सला आहे. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात सगळे दाखले. "ताई, जातपडताळणीचा अर्ज आत्ताच टाकला तर चालते का?" चालतं, म्हटलं, बारावीच्या निकालानंतर धावाधाव नको. एकेक कागद काढून बघितला. आजोबांचा शाळेचा दाखला नव्हता. चहा न घेता, तो आणायला ती दुपारच्याच एस.टी.नं परत गेली.